चैत्री पुनवेनंतरची अष्टमी

नोकरीवरून काढलेला माणूस आमच्या सरांच्या ऑफिसात आला की सर त्याला "काय झालं?" असं कधीच विचारत नसत. "बस" असंही म्हणत नसत. चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "काम करून दाखव."

आलेला माणूस गांगरायचा. आपण वकिलाकडे आलोय की पुन्हा नोकरीच्या मुलाखतीला, असं त्याला व्हायचं. पण सर हटत नसत. मग बेकरीतला कामगार सरांच्या टेबलावर हवेतलं पीठ मळायला लागे, बॅगांच्या कारखान्यातली बाई हवेत चेन शिवायला लागे, आणि सर खुर्चीतून उठून त्यांच्या शेजारी उभे राहत नि तेच हातवारे करत. "थांब, थांब. अंगठा कुठे ठेवतेस? मग सुई बोटात नाही का जात?" मी ज्युनियर म्हणून नोकरीला लागले त्या दिवशी दार उघडलं, तर काळा कोट घातलेला साठी उलटलेला एक गृहस्थ आणि लुंगीतला एक माणूस समोरासमोर उभे राहून, हातात काहीही नसताना, दोर ओढत होते. मी दार लावून घेतलं आणि बाहेरची पाटी पुन्हा वाचली. पाटी बरोबर होती.

ह्या खुळापायी आमचा अर्धा दिवस जायचा. पण कोर्टात कंपनीचा वकील जेव्हा म्हणे, "हा नुसता हेल्पर होता, मशीनला हातसुद्धा लावत नव्हता," तेव्हा सर मॅनेजरला त्या मशीनबद्दल असा एखादा बारीक प्रश्न विचारत की मॅनेजर रुमाल शोधायला लागे. सरांना ते मशीन त्याच्यापेक्षा जास्त माहीत असायचं.

सर मूळचे भुईगावचे, वाडीवाले. घरी केळी, पानवेल, दोन म्हशी आणि चर्चच्या गायनमंडळात चार पिढ्या. वसईत एका दातांच्या दवाखान्याच्या वर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. टेबलाच्या वरच्या खणात कायद्याचं पुस्तक आणि खालच्या खणात सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी. क्लायंट रडायला लागला की सर खालचा खण उघडत. बायकोशी फोनवर ते त्यांच्या वाडीतल्या बोलीत बोलत, त्यातलं मला, शेजारच्या आचोळे गावच्या मुलीला, चार वर्षांत चार शब्द कळले असतील. माझ्याशी मात्र सरळ मराठी, आणि हाक "बाय" अशी. पहिल्यांदा मला ते जुनाट वाटलं. नंतर त्या हाकेशिवाय दिवस सुरू झाला की चुकल्यासारखं व्हायचं.

अशा माणसाच्या हाती एआय लागलं. ते आणण्याचं पाप माझं.

झालं होतं असं की क्लायंट लोक व्हॉइस मेसेज पाठवायला लागले होते. कामावरून काढलेला माणूस बोलायला लागला की थांबत नाही. वीस-वीस मिनिटांचे मेसेज, त्यात सासूचं ऑपरेशन, सोसायटीचं पाणी, मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि मधेच कुठेतरी एका वाक्यात कामाची गोष्ट. सर ते सगळे मेसेज स्पीकरवर लावून, डोळे मिटून, शेवटपर्यंत ऐकत. उत्तरं पाठवायची राहून जात. मी भीत भीत म्हटलं, सर, हे एआयला दिलं तर ते लिहून काढील, तारखेवार यादी करील, क्लायंटला उत्तराचा कच्चा मसुदाही देईल. मला वाटलं होतं, "नको ती थेरं" म्हणतील. सरांनी खुर्ची उचलून माझ्या लॅपटॉपशेजारी आणून ठेवली आणि त्यावर बसून स्क्रीनला म्हणाले, "काम करून दाखव."

त्यांनी एकच गोष्ट आधी बजावली. क्लायंटचं नाव त्या यंत्राला सांगायचं नाही.

"मग काय लिहायचं, सर?"

"वसईत केळी कमी आहेत का?"

तेव्हापासून आमच्याकडे सगळे क्लायंट केळी झाले. राजेळी विरुद्ध कंपनी. भुरकेळ विरुद्ध कंपनी. बसराई आणि इतर अकरा विरुद्ध कंपनी. केळी संपल्यावर भाज्यांवर आलो. एक दुधी आणि दोन पडवळ अजून कोर्टात चालू आहेत. ह्या लेखातही मी तीच नावं ठेवते. सरांचं स्वतःचं नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून तेही नाही.

यंत्राला ते "साक्षीदार" म्हणत. मी म्हटलं, सर, लोक त्याला असिस्टंट म्हणतात. तर म्हणाले, "असिस्टंट तू आहेस. हा बघून-ऐकून सांगतो, म्हणजे साक्षीदार. साक्षीदार चांगला असतो, वाईट असतो, कधी पढवलेला असतो. त्याला प्रश्न विचारायचे." आणि खरोखरच विचारत. यंत्राने तारखेवार यादी दिली की सर एकेका ओळीवर बोट ठेवून, "हे तुला कुणी सांगितलं? राजेळीने की तू मनाने घातलंस?" यंत्र कधी मूळ वाक्य काढून दाखवी, कधी माफी मागे. माफी मागितली की सर खूश होऊन माझ्याकडे बघत, "पकडला!"

एकदा त्याने एका क्लायंटसाठी मसुदा केला. सुरुवात होती, "आपल्या भावना आम्ही पूर्णपणे समजू शकतो."

सर त्या वाक्यापाशी थांबले. "ए, तुला कधी कामावरून काढलंय?"

यंत्राने नम्रपणे लिहिलं की तसा अनुभव त्याला नाही.

"मग पूर्णपणे कसं समजतोस? खोड ते. लिही, तुमचा मेसेज ऐकला. पुढची तारीख अमुक. येताना पगाराच्या चिठ्ठ्या आणा."

ह्या मसुद्यांनी एकदा गोंधळही झाला. तांबेळी म्हणजे औषधांच्या खोक्यांच्या कारखान्यात पॅकिंगला असलेली बाई. तिला पुढच्या तारखेचा मेसेज गेला, अगदी शुद्ध, व्यवस्थित, "आपण सकाळी साडेदहा वाजता उपस्थित राहावे." दुसऱ्या दिवशी बाई डोळे पुसत ऑफिसात हजर. "सर माझ्यावर रागावलेत का? माझं काय चुकलं?" सर तिच्याशी नेहमी "अगं बाई, ऐक जरा" असं बोलायचे. ज्यांनी पाच वर्षं अगंतुगं केलं ते एकदम "आपण" म्हणाले, म्हणजे केस सोडली, असं तिने धरलं आणि रात्री जेवलीच नाही. सरांनी खालचा खण उघडला. ती गेल्यावर त्यांनी यंत्रासाठी एक तक्ताच केला: कोणाला अहो, कोणाला अगं, कोणाला नुसतं "काय रे, आहेस कुठे?" त्यानंतर भुरकेळला जाणारा मेसेज "काय रे" ने सुरू होऊ लागला आणि भुरकेळ पहिल्यांदा वेळेवर आला.

कुतूहल हा सरांचा आजार होता, असं त्यांची बायको म्हणायची. त्यांना सगळं स्वतः शोधून काढायचं असे, आणि शोधून काढलेलं मिरवायचंही असे. त्यांच्या मिरवण्यातला एक हुकमी डाव म्हणजे ईस्टर. ऑफिसात कालनिर्णयासारखं कुठलंच पंचांग नव्हतं, धर्मग्रामातून, म्हणजे त्यांच्या पॅरिशमधून मिळालेलं चर्चचं कॅलेंडर तेवढं होतं. कुणी हिंदू क्लायंट तिथी सांगून बोलायला लागला की सर म्हणत, "मला पंचांग लागत नाही. ईस्टर नेहमी पुनवेनंतरच्या रविवारी येतो. तेव्हा ईस्टर माहीत असला की चैत्री पुनव माहीत, आणि चैत्री पुनव माहीत असली की पुढचं सगळं बोटांवर." आणि खरंच बोटांवर मोजून तारीख सांगत. क्लायंट अवाक होत. "बघा, ख्रिस्ती माणूस असून तिथी काढतात." सरांना ह्या कौतुकाचा मोह होता. मीही टाळ्या वाजवल्या आहेत.

दुसरी एक गोष्ट ते प्रत्येक नव्या ज्युनियरला ऐकवत. मलाही पहिल्याच आठवड्यात ऐकवली होती. ती मुठेळीची.

मुठेळी हा अर्नाळ्याचा माणूस. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचं, फोडायचं नि होड्यांवर चढवायचं काम. सतरा-अठरा वर्षांपूर्वी त्याला काढलं. कंपनीचं म्हणणं, हा होळीला घरी गेला तो परत आलाच नाही, स्वतःच काम सोडलं. ह्याचं म्हणणं, मी होळीनंतरही काम करत होतो, एका रात्री पाळी संपल्यावर मॅनेजरने सांगितलं, उद्यापासून येऊ नको. मस्टरवर त्याचं नाव नव्हतंच. म्हणजे सगळी केस त्या एका रात्रीवर उभी होती. सरांनी शपथपत्रात त्या रात्रीची तारीख घातली. कोर्टात कंपनीने कागद काढला: त्या आठवड्यात कॉम्प्रेसर दुरुस्तीसाठी कारखाना बंद होता. तरी मुठेळी पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, होय, त्याच दिवशी मी काम केलं. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं, ह्या साक्षीदाराचं म्हणणं विश्वास ठेवण्यासारखं नाही. केस गेली.

"तात्पर्य," सर म्हणत, "माणूस चांगला होता. काम सुंदर करून दाखवलं होतं त्याने. पण घाबरला की क्लायंट स्वतःच्या वकिलापुढेही फेकतो. लक्षात ठेव, बाय."

मी ठेवलं होतं.

मग एका शनिवारी दुपारी, कोर्टाला सुट्टी असताना, सरांना नवं खूळ सुचलं. त्यांच्या कच्च्या वह्या होत्या, तीसेक वर्षांच्या. क्लायंट जे बोलला ते जसंच्या तसं त्यांनी त्यात उतरवलेलं असे. "साक्षीदाराला हे सगळं देऊ या. कच्ची वही आणि कोर्टात दिलेले कागद शेजारी शेजारी. बघू तरी, आपण लोकांचं बोलणं कोर्टात नेताना त्यात काय काय बदललं." निव्वळ कुतूहल. त्यात दुसरा काही हेतू नव्हता. आम्ही नावांवर पट्ट्या चिकटवून पानांचे फोटो काढत बसलो. सर मजेत होते. जुन्या क्लायंटना केळ्यांची नावं देताना त्यांना मुठेळी आठवला नि त्यांनी ती वहीही पुढे केली.

यंत्राने बऱ्याच केसेसमध्ये फुटकळ फरक दाखवले. मुठेळीपाशी लिहिलं: "कच्च्या वहीत 'चैत्री पुनवेनंतरची अष्टमी, भांगाचं (कमी भरतीचं) पाणी, काळोखात घरी आलो' अशी नोंद आहे. शपथपत्रातील तारीख त्याच्या सुमारे एक महिना आधीची, होळीनंतरची वाटते. कृपया तपासावे."

सरांनी बाही सावरली. उलटतपासणीला सुरुवात.

"त्या वर्षी ईस्टर मार्चमध्ये होता. मान्य?"

मान्य, असं यंत्राने लिहिलं.

"ईस्टरच्या आधीची पुनव ती चैत्री पुनव. मी तिच्यावरून पुढे आठ दिवस मोजले. मी तीस वर्षं असंच मोजतोय. आता नीट विचार करून सांग, चूक कोणाची?"

यंत्राने क्षणाचाही वेळ घेतला नाही. "आपण बरोबर आहात. माझ्याकडून चूक झाली, क्षमस्व. शपथपत्रातील तारीख योग्य आहे."

"फुटला!" सर टाळी वाजवून हसले. "बघितलंस? जरा दरडावलं की फुटतो."

मी मात्र फोनवर त्या वर्षीचं पंचांग काढून बसले होते. आमच्या घरी आई चतुर्थी धरते, त्यामुळे ते माझ्या फोनवर असतंच. मी म्हटलं, "सर, त्या वर्षी ईस्टर फार लवकर आला होता. त्याच्या आधीची पुनव होळीची आहे. चैत्री पुनव त्यानंतर महिन्याने आली."

"परत बघ."

मी परत बघितलं. मग फोन त्यांच्या हातात दिला. बहुतेक वर्षी ईस्टरच्या आधीची पुनव चैत्रीच असते, म्हणून सरांचा हिशेब इतकी वर्षं बरोबर यायचा. ईस्टर अगदी लवकर आला की मात्र ती पुनव होळीची असते. सरांनी चैत्राऐवजी होळीपासून मोजलं होतं. शपथपत्रातली तारीख कारखाना बंद असलेल्या आठवड्यात जाऊन पडली होती. कंपनीच्याच कागदाप्रमाणे बंद तेवढ्या आठवड्यापुरता होता, म्हणजे मुठेळीने सांगितलेल्या खऱ्या रात्री कारखाना चालू होता.

सरांनी फोन टेबलावर ठेवला. खाली दवाखान्यातलं ड्रिल चालू होतं. मग त्यांनी चष्मा काढला.

"मुठेळीने आधी माझ्याकडे बघितलं होतं," ते म्हणाले. "कंपनीच्या वकिलाने तारीख वाचली, म्हणाला, ह्या दिवशी तू कामावर होतास? त्याला इंग्रजी तारखा येत नव्हत्या. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तो हो म्हणाला."

त्यांनी लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

"ह्या यंत्रासारखाच. त्याचं बरोबर होतं आणि मी ठासून सांगितलं म्हणून त्याने चूक कबूल केली. आणि मी इतकी वर्षं पोरांना सांगतोय, मुठेळी फेकत होता."

मला त्यांची कीव आली, हे सरळ सांगते. आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण पुढे ते काय करणार ते मला दिसत होतं.

सोमवारी त्यांनी यंत्राला पत्राचा मसुदा करायला सांगितला. मसुदा आला: "तारखेच्या रूपांतरात अनवधानाने तफावत राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे." सर म्हणाले, "कोणाकडून राहून गेली?" दुसरा मसुदा आला: "आमच्या कार्यालयाकडून." सर म्हणाले, "कार्यालयाला बोटं नसतात मोजायला." तिसऱ्या मसुद्यात यंत्राने सुचवलं की असं पत्र देण्यापूर्वी कायदेशीर सल्ला घ्यावा.

"सर, ह्या वेळी साक्षीदार बरोबर बोलतोय," मी म्हटलं. "लेखी देऊ नका. तोंडी सांगा, माफी मागा. उद्या त्याच्या घरच्यांनी हे पत्र घेऊन तक्रार केली तर तुमची वकिलीची सनद जाईल. आणि मिळणार काय त्याला? कारखाना बंद पडून किती वर्षं झाली. कोर्ट आता ऐकणार नाही."

"अर्ज करून बघू. बहुतेक नाहीच ऐकणार."

"मग?"

"त्याला काय मिळेल ते तो ठरवील. मी कशाला ठरवू? एकदा त्याच्यासाठी मी ठरवलं, ते बघितलंस ना." त्यांनी लॅपटॉप बंद केला, खणातून साधा कागद काढला आणि पेनाने चार ओळी लिहिल्या. खाली सही, तारीख. तारीख लिहिताना त्यांचा हात थोडा थांबला.

वाईट बातमी सर कधीच फोनवर देत नसत, आणि यंत्राकडून तर नाहीच. स्वतः जात. आम्ही सरांच्या स्कूटरवरून अर्नाळ्याला गेलो. मी मागे बसले होते आणि वाटभर मनात म्हणत होते, माणूस घरी नसू दे.

माणूस घरी होता. दारात बसून जाळं विणत होता. खांदे अजून लाद्या ओढणाऱ्याचे, केस पार पांढरे. समोर काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि त्याची बायको ते उलटवत होती. सरांना बघून दोघं उठले. "वकीलसाएब! बसा, बसा. हिकडं कुठं?" जणू केस हरलेले वकील दर आठवड्याला येतात. बायकोने चहा टाकला. ती बोलकी होती. शेजारच्या होडीवरून कुणीतरी फोनमध्ये बघून भरतीची वेळ ओरडून सांगत होतं, ते ऐकून म्हणाली, "आदी सगली गल्ली ह्यांना इचारायची, पानी कवा भरनार. तिथी धरून बोटांवर मोजून सांगायचे, कवा चुकले नाय. त्या कोर्टातून आले नि बंद. कोन इचारला तर म्हंतात, फोनमदी बघ. मना काय आठवत नाय."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. प्यायले नाहीत. उभे राहिले, कोर्टात उभे राहतात तसे, आणि कागद वाचला.

"तुम्ही मला ती रात्र बरोबर सांगितली होती. तिची इंग्रजी तारीख काढताना मी चुकलो. तुम्ही कोर्टात खोटं बोलला नाहीत. माझ्या चुकीला तुम्ही हो म्हणालात, कारण तुमचा माझ्यावर विश्वास होता."

मुठेळीने जाळं मांडीवरून बाजूला केलं. "परत वाचा."

सरांनी परत वाचलं.

"म्हंजे ती अष्टमी चैत्राचीच होती."

"चैत्राचीच."

"नि कारखाना चालू होता."

"चालू होता."

तो बायकोकडे वळला. ती बोंबील हातात धरून तशीच उभी होती. "आयकला? मना वाटला, माजाच डोका फिरला. एवरा मोटा जज लिवतो खोटा हाय, वकीलसाएब पन काय बोलत नाय, म्हंजे मीच चुकलो असन. मी मंग मोजायचाच सोरला." त्याने लुंगीच्या टोकाने तोंड पुसलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

सर म्हणाले, "पुन्हा अर्ज करू. कोर्ट ऐकेल असं मी सांगत नाही. माझ्याविरुद्ध तक्रार करायची असली तर हा कागद पुरेल. तुमचा हक्क आहे तो."

मुठेळीने ते बोलणं बाजूला सारलं. त्याच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. सरांकडे नीट बघत, रागाने नव्हे, एखादी गोष्ट कशी चालते ते समजून घ्यायचं असतं तसं त्याने विचारलं, "एक सांगा. तुमाला तिथी कलत नव्हती, तं मना का नाय इचारला? मी समोरच बसलो व्हतो. आमच्या भिंतीवर पंचांग व्हता. कुनालापन इचारला अस्ता."

सर कागदाची घडी घालायला लागले. खाडीवरून वारा आला नि कागद त्यांच्या हातात फडफडला.

"मला येतं, असं दाखवायचं होतं," ते म्हणाले. "तुम्ही कौतुकाने बघत होता. त्यानंतर विचारायची लाज वाटली."

मुठेळीने जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. मग मान हलवली.

"ते पन लिवा त्यात," तो म्हणाला.

सर खाली बसले, कागद गुडघ्यावर ठेवला आणि पाचवी ओळ लिहायला लागले. मुठेळीची बायको तोवर, कागद ऐकायला या म्हणून, शेजाऱ्यांना हाका मारायला गेली होती.